आत्याचे डोळे

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगांव लागतें. २०१४ सालीं पालघर जिल्हा ठाण्यापासून निराळा झाला, पुढें त्याची मुख्य कचेरी या गांवांत उभी राहिली, आणि हें नांव वर्तमानपत्रांतून दिसूं लागलें. आम्हांला मात्र तें आत्याचें सासर म्हणूनच ठाऊक.

तिच्या माजघरांत आतोबांची तसबीर आहे. मूळ छायाचित्र १९६४ सालच्या एका मुंजींतलें, भर दुपारीं अंगणांत घेतलेलें. छायाचित्रकारानें शिरस्त्याप्रमाणें सूर्य आपल्या पाठीशीं घेऊन सर्वांना उन्हाकडे तोंड करून उभें केलें. बायकांनीं डोळे मिचकावले, मुलांनीं कपाळावर हात धरले, आणि आतोबांच्या भुंवयांखालीं दोन काळे खळगे तेवढे उमटले. ते गेल्यावर दुसरें छायाचित्रच नव्हतें; म्हणून तेंच मोठें करविलें. कारागिरानें त्या खळग्यांत हातानें डोळे रंगविले. ते मोठे सुरेख आहेत. आत्या रोज तसबिरीला फूल वाहते आणि मधून मधून म्हणते, "हे त्यांचे डोळे नव्हेत."

गेल्या मे महिन्यांत तिच्या सहस्रचंद्रदर्शनासाठीं आम्ही सारे जमलों होतों. तिनें मला जवळ बोलाविलें. "माझा फोटो काढणार आहेस ना? मग डोळे माझेच येऊं देत. मागाहून कुणीं रंगवायला नकोत."

काम दिसतें तितकें सोपें नव्हतें. पालघरचें अक्षांश पावणेवीसच्या आसपास. मेच्या तिसऱ्या आठवड्यांत मध्यान्हीं सूर्य येथें नेमका डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशींच नाहींशी होते. धार्मिक कार्य आटोपून औक्षण होईपर्यंत साडेबारा वाजले, म्हणजे तीच घटका! तरीहि छायाचित्र तुळशीपाशींच व्हावें असा मंडळींचा आग्रह.

प्रथम आंब्याखालीं खुर्ची मांडून पाहिली. पानांच्या फटींतून पडणारे गोल कवडसे हीं सूर्याचींच प्रतिबिंबें असतात. शास्त्र म्हणून गोष्ट मौजेची. पण आत्याच्या गालावर असा रुपया चकाकूं लागला, तेव्हां मला ती मौज वाटेना. शिवाय पानांमुळें चेहऱ्यावर हिरवट छटा येते ती निराळीच. सूर्याकडे पाठ करून बसविण्याचा उपाय सकाळ-संध्याकाळीं उत्तम, केसांना तेजाची कडा येते. पण डोक्यावरच्या सूर्याला पाठ द्यावी कशी?

उन्हांतच छायाचित्र घ्यायचें, हा हट्ट जुन्यांचा उगीच नव्हता. मुंबईंत १८५४ सालींच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकीं एक. त्या काळीं ओल्या काचेवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. त्यांना ऊन हवेंच होतें. आज सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. सावलींत जाण्याची चैन आपल्याला परवडते. सोय पालटली, शिरस्ता मात्र राहिला.

अखेर मी आत्याला ओटीवर बसविलें, पागोळीच्या रेषेपासून दोन हात आंत, तोंड अंगणाकडे. वरचें ऊन छपरानें अडविलें आणि तापलेल्या अंगणाचा उजेड समोरून, जरा खालून, तिच्या चेहऱ्यावर आला. वाळत घातलेलें पांढरें धोतर पायऱ्यांपाशीं पसरलें, तशी भुंवयांखालची उरलीसुरली काळोखीहि गेली. कडक उन्हाचा जुना हिशेब असा: संवेदनशीलता १००, छिद्र १६, वेळ सेकंदाचा शंभरावा भाग. अशा सावलींत उजेड सुमारें सोळाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून छिद्र ४ पर्यंत उघडलें. मागच्या काळोख्या दाराला भुलून मापक चेहरा पांढराफटक करतो. तेव्हां माप तिच्या गालाजवळ जाऊन घेतलें.

मग मांडणी. धाकट्या काकांना मोठ्यांच्या बरोबरीनें खुर्ची हवी होती, आणि एका जांवयांना कडेला उभें राहणें कमीपणाचें वाटत होतें. एकत्र कुटुंबाचें छायाचित्र म्हणजे अर्धी पंगतच! "आधीं एकटीचा," असें आत्यानेंच बजाविलें आणि वाद मिटला. तिच्या डोक्यामागून कपड्यांची दांडी शिंग फुटल्यासारखी दिसत होती. म्हणून खुर्ची वीतभर सरकविली. ओटी दोनच पायऱ्या उंच. त्यामुळें अंगणांत उभा राहिलों तरी भिंग तिच्या डोळ्यांच्या रेषेंत आलें. चष्म्याच्या कांचांवर अंगण चमकत होतें; तिनें हनुवटी किंचित् खालीं घेतली, तशी ती चमकहि गेली.

"डोळे मीट. तीन म्हटलें कीं उघड."

तिनें ते उघडले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जरासे ओलसर राहणारे, उजवा किंचित् लहान, असे ते तिचेच डोळे होते.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिनें तें चित्र बराच वेळ पाहिलें. मग माजघराच्या दारांतून आंत नजर टाकीत म्हणाली, "त्या दिवशीं यांनाहि ओटीवर बसवावें, हें कुणाला सुचलें नाहीं." आणि पानें घ्यायला सांगण्यासाठीं सुनांना हांका मारूं लागली.