फोटोची पाठ

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजोबांनी जपलेले जुने फोटो आहेत. लहानपणी मला त्या फोटोंच्या दर्शनी बाजूपेक्षा त्यांची पाठच अधिक आवडे. पाठीवर आजोबांनी शिसपेनने लिहिलेले असे: गाव, महिना, साल, डावीकडून उभे कोण, खाली बसलेले कोण. आजोबांचे काही शिक्षण धारवाडला झालेले. त्यामुळे काही फोटोंच्या पाठीवर मराठी आणि काहींच्या पाठीवर कानडी. दोन्ही अक्षरे सारखीच वळणदार.

मोबाईलवरच्या फोटोला पाठ नसते, अशी माझी समजूत होती. ती समजूत किती खोटी होती, हे मला एका आजीबाईंनी शिकवले.

कॉलेज सुटल्यावर मी शहरातल्या एका फोटो स्टुडिओत काम करतो. मालक कानडी भाषिक. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. जुने, फाटलेले, बुरशी चढलेले फोटो स्कॅन करून संगणकावर दुरुस्त करणे हे माझे काम. एकदा शहापूरहून एक आजी आल्या. यजमानांच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावण्यासाठी त्यांना फोटो मोठा करून हवा होता. फोटो लग्नानंतर लगेचचा, १९६९ सालचा. नेमका डाव्या डोळ्यावर पाण्याचा डाग पडून तो भाग पार गेलेला. मी दोन दिवस खपलो. उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. आजींनी मोठा केलेला फोटो घेतला, आणि पुण्याच्या नातवासाठी तोच फोटो पेन ड्राइव्हवरही नेला.

आठ दिवसांनी आजी पुन्हा आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी 200 रुपये माझ्यापुढे मोजून ठेवले.

"हे घे बाबा. बाकी राहिलेत म्हणून लिहिलंस म्हणे. आणि मी लई घासाघीस करते, असंबी लिहिलंस म्हणे."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ते शब्द माझेच होते. काम करताना संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये 'वर्णन' नावाचा एक रकाना असतो. स्वतःच्या सोयीसाठी मी त्यात टिपणे करत असे. त्या फोटोच्या रकान्यात मी लिहिले होते: 'डावा डोळा उजव्यावरून घेतला. आजी फार घासाघीस करतात. 200 बाकी.' फोटो एक्स्पोर्ट करताना हा मजकूर फाईलबरोबर बाहेर पडला. नातवाने फोटो उघडला तेव्हा त्याच्या संगणकाने तो इमानेइतबारे फोटोखाली दाखवला, आणि नातवाने तो फोनवरून आजीला वाचून दाखवला.

मी मान खाली घालून उभा होतो. आजी रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "पैशाचं राहू दे रे. त्यांचा डावा डोळा जरा बारीक होता. तू दोन्ही सारखे केलास. मी भिंतीकडं बघायची आणि वाटायचं, हे आपले नव्हेत. म्हातारपणानं मलाच तसं दिसतंय, असं समजून गप बसले होते."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आजींकडून यजमानांचे नोकरीतले ओळखपत्र मागवून घेतले आणि त्यावरचा छोटा फोटो पाहून डोळा नव्याने केला. तो जरा बारीकच केला. पैसे अर्थातच घेतले नाहीत.

मग अण्णांनी मला समोर बसवून फाईलची 'पाठ' दाखवली. जेपेग फाईल म्हणजे केवळ चित्र नव्हे. चित्राच्या आधी लहान लहान कप्पे असतात. त्यांतला एक एक्झिफचा. हा नमुना जपानमधल्या संस्थेने 1995 साली ठरवला. कॅमेरा आपले नाव, तारीख, वेळ, भिंगाची माहिती त्यात नोंदवतो. मोबाईलमध्ये सोय चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. दुसरा कप्पा आयपीटीसीचा. तो वृत्तपत्रांच्या सोयीसाठी, म्हणजे मथळा, छायाचित्रकार, श्रेय यांसाठी. तिसरा एक्सएमपी, तो अडोबी कंपनीने 2001 साली आणला. याशिवाय जेपेगमध्ये साध्या टिप्पणीचा एक निराळाच कप्पा असतो. एकच वाक्य दोन-तीन कप्प्यांत जाऊन बसलेले असू शकते. एका ठिकाणचे पुसले तरी दुसरीकडे शिल्लक राहते. गंमत अशी, की एक्झिफचा वर्णनाचा रकाना मुळात इंग्रजी अक्षरांपुरताच आखलेला. तिथे देवनागरीची कधीकधी प्रश्नचिन्हे होतात. एक्सएमपीमध्ये मात्र मराठी, कानडी सारे सुखरूप राहते. त्या दिवशी माझ्या मराठीची प्रश्नचिन्हे झाली असती तर मी सुटलो असतो! पण मग आजींच्या भिंतीवर तो परका डोळा तसाच राहिला असता.

ही पाठ किती बोलकी असते याचा एक जाहीर दाखलाही आहे. 2012 साली जॉन मॅकफी हे संगणकक्षेत्रातले प्रसिद्ध गृहस्थ बेलीझ देशातून निघून लपून राहिले होते. त्यांच्याबरोबर असलेल्या पत्रकारांनी त्यांचा एक फोटो प्रसिद्ध केला. फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते, आणि ते ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळले. आपण कोणी लपून बसलेलो नाही हे खरे. पण अंगणात काढलेला लहान मुलीचा फोटो तिच्या घराचा पत्ता घेऊन हिंडतो, ही गोष्ट काही हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आता माझी दुसरी चूक सांगतो. ती पहिलीहून मोठी.

या प्रसंगानंतर मला पुसण्याचे वेडच लागले. एक्झिफटूल नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. फिल हार्वी यांनी केलेला. त्याला एक आज्ञा दिली की अख्ख्या फोल्डरमधल्या फाईलींची पाठ तो कोरी करतो. तो बिचारा मूळ फाईल वेगळ्या नावाने राखून ठेवतो; पण जागा वाचवण्यासाठी मी त्याला 'जुनी ठेवू नकोस' असे बजावले होते. त्या फोल्डरमध्ये आमच्या पेटीतले स्कॅन केलेले फोटोही होते, हे मी विसरलो. ज्यांच्या पाठीवर काही लिहिलेले नव्हते, असे बावीस फोटो मी एका रविवारी आजोबांच्या शेजारी बसून पाहिले होते. ते एकेक नाव आठवून सांगत होते आणि मी वर्णनाच्या रकान्यात लिहीत होतो. दुसरीकडे कुठेही उतरवून ठेवले नव्हते. ती सगळी नावे एका क्षणात गेली. पुन्हा विचारावे तर आजोबा त्याआधीच दोन महिन्यांपूर्वी गेले होते.

त्या फोटोंतली माणसे अजून माझ्याकडे पाहतात. एकाच्या हातात फुटबॉल आहे, एकाने आजोबांच्या खांद्यावर हात टाकला आहे. आजोबांनी सांगितले तेव्हा मी हसलोही होतो, एवढे आठवते. कशाला हसलो, ते आठवत नाही.

आता मी काम करतो ते असे. मूळ फाईलला हात लावत नाही. तिच्यात सारे राहू देतो. बाहेर द्यायची प्रत वेगळी काढतो. गिंपसारख्या प्रोग्रॅममध्ये एक्स्पोर्ट करताना जी चौकट उघडते, तिच्यात एक्झिफ, एक्सएमपी, आयपीटीसी, छोटी प्रतिमा आणि टिप्पणी अशा खुणा असतात. नको त्या खुणा काढतो आणि टिप्पणीचा रकाना डोळ्यांनी वाचून मोकळा करतो. छोटी प्रतिमाही काढतो, कारण कापून टाकलेला भाग कधीकधी तिच्यात तसाच राहतो. रंगांची माहिती मात्र ठेवतो. ती गेली तर रंग बदललेले दिसू शकतात. उभ्या-आडव्याची नोंद पुसायची असेल तर आधी चित्रच सरळ करून घेतो. नाहीतर माणसे आडवी होतात. शेवटी तयार प्रत पुन्हा उघडून पाठ तपासतो. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोतून ही माहिती गळून जाते. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सगळी पाठीवर घेऊन जातो, हेही ध्यानात ठेवतो.

आणि गिऱ्हाइकाविषयीची टिपणे? ती लिहिणेच मी सोडून दिले. जे माणसासमोर बोलता येत नाही ते त्याच्या फोटोच्या पाठीवर लिहू नये, एवढा साधा नियम केला आहे.

परवा पेटी पुन्हा उघडली. त्या बावीस फोटोंपैकी एकातला फुटबॉलवाला आईने ओळखला. मी फोटो पालथा केला आणि आजोबांच्या शिसपेनने पाठीवर त्याचे नाव लिहिले. अजून एकवीस राहिले आहेत.