आजी, मी आणि आर्स्टोट्झ्का

तर मंडळी, गेले चार-पाच वीकांत मी घराबाहेर पडलेलो नाही. एक तर पाऊस. वाकडात चहा प्यायला जायचं म्हटलं तरी होडी लागेल अशी परिस्थिती. दुसरं म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडहून आजी आलेली आहे, आणि शनिवार-रविवारी तिच्या डोळ्यात थेंब घालायची ड्युटी माझ्याकडे आहे. मोबाईलमध्ये अलार्म लावलेत. दोन अलार्मांच्या मध्ये मिळणाऱ्या वेळात माणसाने काय करावं? मी गेम्स खेळलो.

आता गेम्सच्या बाबतीत माझी अवस्था पुस्तकं विकत घेऊन न वाचणाऱ्या लोकांसारखी आहे. शाळेत असताना कराडच्या सायबर कॅफेत दहा रुपये मोजून 'क्रिकेट ०७' खेळायचो, तेव्हा वेळ भरपूर आणि पैसे नाहीत. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर वेळही होता, गेम्सही होते (कुठून आले ते विचारू नका). नोकरी लागली, भारीतला लॅपटॉप घेतला, स्टीमच्या प्रत्येक सेलमध्ये दोन-तीन गेम्स घेत गेलो आणि खेळायचं राहूनच गेलं. च्यायला, ३७ गेम्स निघाले! त्यातले चार उघडले. त्यांच्याबद्दल माझी मतं खालीलप्रमाणे. पटली नाहीत तर सोडून द्या.

पहिला 'रेड डेड रिडेम्प्शन २'. पीसीवर २०१९ सालीच आलेला, १५० जीबी जागा मागणारा. तो बसवायला माझे गोव्याचे फोटो हार्ड डिस्कवर हलवावे लागले. १८९९ सालची अमेरिका, बंदूकवाले दरोडेखोर, घोडे, डोंगर. दिसतो इतका सुंदर की काही करायला नको, नुसतं घोड्यावरून हिंडावं. पण पहिले काही तास बर्फातून रखडत जायचं. नंतर बंदूक पुसा, घोड्याला खरारा करा, स्वतः वेळेवर जेवा नाहीतर हिरो वाळतो. हे सगळं जगात कुणाला तरी आवडतं हे मला मान्य आहे, आणि कॉलेजात असतो तर मलाही आवडलं असतं. पण आठवड्याला चार तास मिळणाऱ्या माणसाने त्यातले दोन तास घोडा घासण्यात घालवायचे म्हणजे अवघड आहे. दर शनिवारी बसलो की मागच्या शनिवारी काय करत होतो तेच आठवायचं नाही. अर्ध्यात सोडला. गेमची चूक नाही, माझीच आहे.

दुसरा 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून बनवलेला, २०१६ सालचा. यातला हिरो जोजा कॉर्पोरेशनमध्ये आमच्यासारखाच खुराड्यात बसून की-बोर्ड बडवत असतो. मग आजोबांचं पत्र उघडतो आणि नोकरी सोडून त्यांच्या शेतावर जातो. झालं! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसलेल्या प्रत्येकाचं स्वप्न. पहिला वीकांत स्वर्गात होतो. पाऊस पडला तर पाणी घालायला लागत नाही, म्हणून आनंद व्हायचा. पियरेचं दुकान बुधवारी बंद असतं हे कळल्यावर तर एकदम पुण्यात आल्यासारखं वाटलं :-)

दुसऱ्या वीकांताला मी एक्सेल उघडलं. ब्लूबेरीला पीक धरायला १३ दिवस, पुढे दर चार दिवसांनी तोडणी, ऋतू २८ दिवसांचा... म्हणजे रोप किती तारखेच्या आत लावलं तर किती तोडण्या मिळतात याचा तक्ता. मग स्प्रिंकलर कुठे बसवायचे त्याचा नकाशा. रविवारी रात्री लक्षात आलं की मी गावातल्या एकाही माणसाशी दोन आठवडे बोललेलो नाही. नोकरी सोडून शेतावर गेलो आणि तिथे परत नोकरीच उघडली. हा गेम वाईट नाही, उलट फार गोड आहे, पण तो माझ्यासारख्याच्या हाती द्यायला नको.

तिसरा 'बॅलाट्रो', २०२४ चा. पोकरच्या पत्त्यांचा गेम, पण जुगार नाही. याबद्दल एवढंच सांगतो : रात्री अकराला 'एकच डाव' म्हणून बसलो आणि घड्याळात पाहिलं तेव्हा अडीच वाजले होते. काढून टाकलाय. कृपया मला परत त्याची लिंक पाठवू नये.

आता चौथा. खरं तर याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. 'पेपर्स, प्लीज'.

लुकस पोप नावाचा एक अमेरिकन डेव्हलपर. मोठ्या गेम कंपनीतली नोकरी सोडून जपानमध्ये जाऊन राहिला, आणि विमानतळांवर पासपोर्ट तपासणारे लोक बघून बघून त्याला हा गेम सुचला. २०१३ साली आला. जेमतेम १०० एमबी जागा मागतो. चित्रं ओबडधोबड, रंग मातकट. साल १९८२, महिना नोव्हेंबर, आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक हुकूमशाही देश. सहा वर्षांचं युद्ध नुकतंच संपलंय, सरहद्दीवरचं नाकं उघडलंय आणि लॉटरीत तुमचा नंबर लागून तुम्हाला तिथे तपासनीसाची नोकरी मिळालीय. काचेपलीकडे माणूस येतो, कागदं सरकवतो. तुम्ही नियमपुस्तक काढून कागद ताडून बघायचा. जुळलं तर हिरवा शिक्का, नाही जुळलं तर लाल. बस्स, एवढाच गेम.

ऐकून झोप येते ना? मलाही आली होती. पण गंमत अशी की पगार माणशी आहे. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. रोज संध्याकाळी हिशोब : भाडं गेलं, आता जेवण, शेकोटी आणि औषध यातलं काय परवडतं ते निवडा. चूक केलीत की प्रिंटर कर्रकर्र करत गुलाबी चिठ्ठी बाहेर टाकतो. दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून पैसे कापतात. आणि रोज सकाळी नियम बदललेला असतो. आज नुसता पासपोर्ट पुरे, उद्या परदेशी माणसाला तिकीट हवं, परवा तिकीट रद्द आणि प्रवेश परवाना. कुठल्याही प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

मला तो जाम आवडला. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायला लागली. टेबलावर कागद कसे मांडायचे म्हणजे हात कमी फिरतो, आधी तारीख बघायची की शहर, यात मी तरबेज झालो. माणसांच्या तोंडाकडे फक्त फोटो जुळतो का बघायला बघायचो. ते काय बोलतात ते वाचायचं बंद केलं, कारण त्यात सेकंद जातात.

पाचव्या दिवशी एक नवरा-बायको येतात. आधी नवरा. त्याची कागदपत्रं चोख. जाता जाता सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा सांभाळून वागा. मग ती येते. तिच्याकडे प्रवेश परवानाच नाही. परत पाठवलंत तर तिकडे मारून टाकतील, म्हणते.

मी लाल शिक्का हातात घेतलेला आणि मागून आवाज आला.

"काय म्हणतीया ती बाई?"

आजी काळा चष्मा लावून कधी मागे येऊन बसली होती कळलंच नाही. तिला मी थोडक्यात सांगितलं. नवरा आत गेला, हिचा कागद कमी आहे.

"मग सोड की तिला."

"अगं, नियम आहे. सोडलं तर माझे पैसे कापतील. आज आधीच दोन चुका झाल्यात."

"किती कापत्यात?"

"पाच."

आजी काही बोलली नाही. नुसती "पाच व्हय" म्हणाली आणि थेंबांची बाटली शोधायला लागली.

सोडलं मी त्या बाईला. प्रिंटर कर्रकर्र वाजला.

इथे आजीची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आजोबा झेडपीचे मास्तर. ते गेल्यावर आजीला फॅमिली पेन्शन सुरू झाली, ती 'सुलोचना' या नावाने, कारण आजोबांच्या सर्व्हिस बुकात तेच नाव. हे तिचं सासरचं नाव. माहेरचं नाव मथुरा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि मथुरा संपली. पण पुढे कधीतरी मतदार ओळखपत्र काढायला माणसं आली तेव्हा आजीने, कुणाला न विचारता, 'मथुरा' सांगून टाकलं. का, तर "माझंच नाव हाय की ते". त्या ओळखपत्रावरून आधार निघालं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बाबा तिला बँकेत घेऊन गेले, तर नावं जुळेनात. पेन्शन थांबली. आजी काउंटरसमोर उभी, स्वतःच्या पायावर, आणि ती हयात आहे हे सिद्ध होत नव्हतं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, तलाठी, पंचायत समिती, परत बँक. पाच महिने. "बाई, आमच्या हातात काही नाही, सिस्टीम घेत नाही," असं तो क्लार्क दर वेळी सांगायचा. त्या पाच महिन्यांत मी फोनवर बाबांना किमान दहा वेळा म्हटलं असेल, कुठल्या गाढवाने लिहिलीय ही सिस्टीम!

असो. तर परत गेमकडे. पुढच्या एका दिवशी माझ्यापुढे एक माणूस आला, त्याच्या पासपोर्टवर एक नाव आणि परवान्यावर दुसरं. मी सवयीने लाल शिक्का ओढला. पण या गेममध्ये नावं जुळत नसली की थेट हाकलायचं नसतं. दोन्ही नावांवर बोट ठेवून विचारता येतं, मग त्याच्या बोटांचे ठसे घेता येतात, आणि थोड्या वेळाने एक कागद येतो. त्या कागदावर त्या माणसाची इतर नावं छापलेली असतात. दुसरं नाव त्यात सापडलं, तर माणूस तोच. हिरवा शिक्का.

मी गेम तसाच थांबवला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या क्लायंटच्या क्लेम सिस्टीममध्ये नाव-जुळणीचा नियम मी लिहिला. पॉलिसीवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव. दोन्हीतल्या मोकळ्या जागा काढा, सगळी अक्षरं कॅपिटल करा, तुलना करा. नाही जुळलं, रिजेक्ट. ११ ओळी. एका दुपारी लिहून झाल्या, टेस्टिंगमध्ये एकही बग निघाला नाही. आधी ही कागदं माणसं डोळ्याने बघायची, ते काम वाचलं म्हणून मला कौतुकाचा मेल आला, मॅनेजर सीसीमध्ये, आणि वर एक गिफ्ट व्हाउचर. त्याचे मी बूट घेतले. अजून वापरतो.

म्हणजे बघा, आर्स्टोट्झ्का! रांगेतल्या माणसाला कपडे काढायला लावणारा, विरोधकांना उचलून नेणारा देश. त्यांच्या सिस्टीममध्ये दुसऱ्या नावाचा कॉलम आहे. माझ्यात नाही. आणि तो कुणी काढून टाकला असंही नाही, मला तो सुचलाच नाही. जिच्या हातची थालीपीठं खाऊन वाढलो तिला दोन नावं आहेत, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तुम्ही म्हणाल, रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं. नव्हतंच. मी पण स्वतःला रविवारभर तेच सांगितलं. पण पेपर्स-प्लीजमधला तो तपासनीस रोज हेच म्हणत असणार की, नियमपुस्तक काही मी लिहिलं नाही. आणि इथे तर ते मीच लिहिलंय.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर क्वेरी लिहिली : या नियमाने आजवर किती क्लेम परत गेले. चालवायच्या आधी पॅन्ट्रीत जाऊन चहा घेऊन आलो. आकडा इथे लिहिता येणार नाही, एनडीए आहे. चहा तसाच गार झाला. त्यातले कितीतरी क्लेम परत नीट भरून मंजूर झाले असतील, काही खरंच खोटे असतील. कुठले कुठले ते आमच्या टेबलात कळत नाही. टेबलात फक्त कोड आहे.

तिकीट टाकलं. नाव जुळलं नाही तर रिजेक्ट करू नका, माणसाकडे तपासायला पाठवा, आणि दुसऱ्या नावाचा एक कॉलम द्या. टीएलला जाऊन समजावलं. तो सज्जन माणूस आहे, त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पॉइंट बरोबर आहे रे, पण तपासायला माणसं बसवायची म्हणजे बिझनेसला विचारावं लागेल. आणि हा बग नाहीये, चेंज रिक्वेस्ट आहे." प्रायॉरिटी चार लावून बॅकलॉगमध्ये टाकलं. आमच्या बॅकलॉगमध्ये काय काय पडलंय ते एकदा लिहायला हवं, पण तो वेगळा विषय.

मी म्हटलं, मी शनिवारी बसून करतो. म्हणाला, "कोड तू करशील रे. मंजुरी कोण देणार?"

परवाच्या शनिवारी परत गेम लावला. ३१ दिवसांचा आहे, शेवट २० प्रकारचे. माझा पहिला शेवट भाडं न परवडून कर्जापायी तुरुंगात जाण्यात झाला, कारण त्या बाईनंतर मी जरा जास्तच लोकांना सोडायला लागलो होतो. म्हणजे चांगुलपणाचं बक्षीस वगैरे हा गेम देत नाही, आणि हे मला फार आवडलं. बाकी गेम्स चांगलं वागलं की टाळ्या वाजवतात. हा फक्त चिठ्ठी छापतो. आता परत पहिल्या दिवसापासून सुरू केलाय. आजी शेजारी बसते. क्रेयॉनने काढलेला पासपोर्ट घेऊन एक म्हातारा येतो, कोब्रास्तान नावाच्या नसलेल्या देशाचा. त्याला मी लाल शिक्का मारला की तोही खुशीत परत जातो आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. त्याच्यावर आजीचा फार जीव बसलाय.

"आलं का रं ते येडं?" म्हणून दर तासाला विचारते.

तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर नाव सुलोचना लिहायचं की मथुरा, म्हणून बाबांचा आजच फोन आला होता. तिकीट अजून तिथेच आहे. मंगळवारी बॅकलॉगची मीटिंग आहे, तिथे परत काढणार.