तांब्याचा रंग

"सर, हें घासून उजळ करूं का?" असें यंदा नववीच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें. त्याच्या तळहातावर व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा तांब्याचा पैसा होता. उत्तर देण्यापूर्वीं मला क्षणभर थांबावें लागलें; कारण हाच प्रश्न लहानपणीं मीं कोणासहि न विचारतां सोडविला होता.

आमच्या घरीं १८६२ सालचा एक पाव आणा होता. रुपयास असे चौसष्ट मिळत. तेव्हां मोल तें काय! पण आजोबांना तो त्यांच्या आजीनें दिलेला, म्हणून वडिलांनीं कागदाच्या पुडींत बांधून पेटींत जपून ठेविला होता. नाणें बहुतेक तपकिरी झालें होतें. मात्र अक्षरांच्या कडेच्या खोलगट जागीं सोनेरी तांबडी झांक उरली होती. ती पाहून मला वाटलें, मळाखालीं सबंध नाणें असेंच असणार. एके दुपारीं चिंच व मीठ घेऊन तें मीं तांब्याच्या हंड्यासारखें घासून लखलखीत केलें आणि मोठ्या अभिमानानें वडिलांपुढें नेलें. त्यांनीं तें उलटसुलट पाहिलें, "अरे, तो मळ नव्हता," एवढेंच म्हटलें, आणि पुन्हां पुडी बांधली. ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें.

त्यांच्या त्या चार शब्दांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं नाणकशास्त्र वाचतांना उमगला. अमेरिकेंतील विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीं १ ते ७० अशी गुणश्रेणी मांडिली. पुढें ती इतर नाण्यांसहि लागूं झाली. ६० व त्यावरील गुण न वापरलेल्या नाण्यांचे. तांब्याच्या नाण्यास मात्र गुणांखेरीज रंगाचीहि खूण जोडितात. पी. सी. जी. एस. या तेथील संस्थेच्या रीतीप्रमाणें टांकसाळींतला मूळ तांबडा रंग शेंकडा ९५ किंवा अधिक उरला असेल तर नाणें 'लाल'. शेंकडा ५ हून कमी उरला तर 'तपकिरी'. मधलें सर्व 'लाल-तपकिरी'.

येथें 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. हवा, ओल व हाताचा घाम यांमुळें तांब्याचा प्राणवायूशीं व गंधकाशीं संयोग होऊन तपकिरी थर तयार होतो. तो बाहेरून बसलेला मळ नव्हे. तांबेंच तें रूप घेतें. चिंचेचें आम्ल हा थर विरघळवितें, म्हणजे नाण्याची कातडीच सोलतें. नव्या नाण्यावर ठशाच्या दाबानें सूक्ष्म रेषा उमटलेल्या असतात. नाणें तिरपें फिरविलें कीं त्यांवरून उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेलें नाणें गुलाबी चकाकतें खरें, पण त्यावरचा उजेड निर्जीव असतो, आणि कांहीं महिन्यांत त्यावर डाग पडूं लागतात. पारखी त्यास लालहि म्हणत नाहींत आणि अंकी गुणहि देत नाहींत. 'साफ केलेलें' एवढाच शेरा देतात. आमचा पैसा लाल-तपकिरी ठरला असता कीं नुसता तपकिरी, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

'तपकिरी' हा शेरा मुलांस नापासाचा वाटतो. तसें नाहीं. रंग वेगळा, गुण वेगळे. एखादें तपकिरी नाणें गुणांत लाल नाण्याच्या वर असूं शकतें. शुभवर्तमानांतल्या गरीब विधवेनें मंदिराच्या भांडारांत टाकलेल्या दोन टोल्यांचा रंग कोणीं लिहून ठेविला नाहीं. दिलें किती मनानें, तेवढेंच लिहिलें आहे.

हें सर्व त्या विद्यार्थ्यास सांगितलें. नाणें कडेनें धरावयाचें, कोरड्या जागीं ठेवावयाचें, आणि घासावयाचें मुळींच नाहीं. त्यानें वहीचें एक पान फाडून पुडी बांधली. एरव्हीं वहीचें पान फाडणाऱ्यास मी बोलल्यावांचून राहात नाहीं. त्या दिवशीं गप्प राहिलों.