निष्काळजीपणा नावाचं कपाट

अपघाताची बातमी वाचताना माझी नजर आता एकच शब्द शोधते. निष्काळजीपणा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या परिच्छेदात तो बहुतेक वेळा सापडतोच. आणि एकदा तो आला की बातमी संपते. वाचणारा पान उलटतो, मालकाला जरा हायसं वाटतं, आणि ज्याचा हात किंवा जीव गेला त्याच्याच खात्यावर सगळं जमा होतं. नको असलेल्या वस्तू कोंबून दार लावून टाकायला घरात एक कपाट असतं ना, तसा हा शब्द आहे.

मी जालन्याचा. 'जालना सोने का पालना' ऐकतच मोठा झालो, पण आमच्या पिढीला त्या पाळण्यात सोन्यापेक्षा लोखंडच जास्त दिसलं. एमआयडीसीतल्या भट्ट्या, भंगाराचे डोंगर, ट्रकच्या मागे लवलवत जाणाऱ्या सळया. अख्ख्या महाराष्ट्राच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे असं आम्ही सांगतो (जरा फुगवून सांगतो, पण फार नाही!). ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका स्टील कारखान्यात भट्टीत स्फोट झाला, वितळलेलं लोखंड अंगावर उडालं आणि वीसहून जास्त कामगार भाजले. दुसऱ्याच दिवशी एका परिचितांचा फोन. बोलता बोलता म्हणाले, "ही लेबर मंडळी लक्षच देत नाहीत हो." ते कधी भट्टीजवळ गेलेले नाहीत. असो.

त्या दिवशी तिथे कुणाचं काय चुकलं यावर मला बोलायचं नाही. पण अशी भट्टी कशाने उडते हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. भंगार ओलं असणं हे एक मोठं कारण. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सतराशे लिटर जागा लागते, तीही त्याच क्षणी. आणि तिच्यावर असतं सोळाशे अंशांचं पातळ लोखंड. दुसरं कारण म्हणजे बंद तोंडाच्या वस्तू : जुना शॉक ॲब्सॉर्बर, दोन्ही टोकं चेपलेला पाइप, छोटा सिलिंडर. आत अडकलेली हवा किंवा तेल तापलं की त्याचा बॉम्बच होतो. भट्टीचं आतलं अस्तर झिजलं, किंवा कॉइल गार ठेवणाऱ्या पाण्याची गळती झाली, तरी तोच प्रकार.

आता या सगळ्यात भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस कुठे येतो? सगळ्यात शेवटी. भंगार उघड्यावर ठेवायचं की छपराखाली, ते निवडायला किती माणसं लावायची, अस्तर आज बदलायचं की आणखी चार हीट काढायच्या, हे त्यानं ठरवलेलं नसतं. 2004 साली दिल्लीजवळ साहिबाबादला आयात केलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे आले आणि त्यांच्या स्फोटात दहा कामगार गेले. ते गोळे जहाजात चढले, बंदरावर उतरले, ट्रकमध्ये भरले गेले. इतक्या हातांतून निसटलेली गोष्ट शेवटच्या हातानं पकडायला हवी होती, असं म्हणणं हा मला तरी निव्वळ आळस वाटतो.

या आळसाला आकड्यांचा आधारही आहे बरं का. हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसानं 1931 मध्ये औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिलं. 88 टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात, हा त्याचा आकडा सुरक्षेच्या ट्रेनिंगमध्ये अजून ऐकायला मिळतो. त्यानं तो काढला होता विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखानदारांच्या नोंदींवरून. म्हणजे अपघाताचं कारण ज्यांनी लिहिलं, त्यांत ज्याला लागलं तो नव्हता.

हे सगळं मी इतक्या तावातावानं लिहितोय त्याचं कारण कारखान्यात नाही, शेतात आहे. आमचे धाकटे काका (नाव लिहीत नाही, घरची मंडळी ओळखतीलच). बदनापूरजवळच्या गावी 1991 च्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं मळणी यंत्रात गेली. गव्हाची मळणी होती. लाइट रात्रीच यायची, म्हणून काम रात्री. मशीन भाड्याचं, दुसऱ्या शेतकऱ्याचा नंबर लागलेला, म्हणून घाई. रात्रीचे दोन वाजलेले. पेंढी आत ढकलताना हात मागे आलाच नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेजवळ बसून एकच विचारायचा, "ध्यान कुठं होतं तुझं?" काकाही मान खाली घालून म्हणायचे, "माझंच ध्यान नव्हतं." पुढची तीस वर्षं ते हेच म्हणत आले. डाव्या हातानं सही करायला शिकले, डाव्या हातानं जेवायला शिकले, पण लग्नाच्या पंगतीत बसायचं त्यांनी सोडलं ते सोडलंच.

खूप नंतर मी वाचलं की मळणी यंत्रांसाठी भारतीय मानक तेव्हाही होतं. पेंढ्या आत सारायचं तोंड किमान 90 सेंटीमीटर लांब हवं आणि त्यातलं 45 सेंटीमीटर वरून झाकलेलं. हिशोब साधा आहे : माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचताच कामा नये. मग तो झोपेत असो, घाईत असो, नाहीतर बायकोशी भांडून आलेला असो. या यंत्रांमुळे इतके हात जात होते की 1983 मध्ये संसदेनं धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला. काकांच्या आधी आठ वर्षं! गावात आलेल्या मशीनचं तोंड जेमतेम दोन वितींचं होतं. हे सगळं मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "किती पत्रा लागतो रे त्याला?"

सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड सांगतात. आधी धोका मुळातच काढता येतो का ते बघा. नाही, तर कमी धोक्याचं काही वापरा. तेही नाही, तर मधे आडोसा घाला. मग नियम आणि शिकवण. हेल्मेट, हातमोजे सगळ्यात शेवटी. आपण मात्र दर 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेतो, हेल्मेट वाटतो, फोटो काढतो. म्हणजे उतरंडीच्या तळाशीच घुटमळतो.

आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर तर उतरंडच नसते. 8 मे 2020 ची पहाट आठवते? जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली, शहडोल-उमरियाकडची माणसं लॉकडाउनमध्ये गावी निघाली होती. भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं रात्रभर रुळांवरून चालली. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपली आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. ड्रायव्हरनं पाहिलं, हॉर्न दिला, ब्रेकही लावला. गाडी थांबली नाही. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या सगळ्या देशानं पाहिल्या. त्यानंतर आठवडाभर मी एकच वाक्य ऐकत होतो : "रुळावर कुणी झोपतं का?" सुप्रीम कोर्टातही त्याच अर्थाचा प्रश्न विचारला गेला.

झोपतं. प्रवासी गाड्या मार्चपासून बंद आहेत हे माहीत असलेला, पस्तीस-चाळीस किलोमीटर चाललेला माणूस झोपतो. काम बंद होतं. पाससाठी अर्ज केला होता, उत्तरच आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. पास मिळाला असता, एखादी बस मिळाली असती, तर त्या पहाटे रुळांवर कुणीच नसतं. यातलं काहीही त्या सोळा जणांच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात फक्त कुठे आडवं व्हायचं एवढंच उरलं होतं, आणि आपण नेमकं तेवढंच धरून बसलो.

पुढच्या पावसाळ्यात जालन्याला जाईन तेव्हा एमआयडीसीच्या रस्त्यानं एक चक्कर मारणार आहे. भंगाराच्या ढिगांवर छप्पर आहे का, तेवढंच बघायचंय.