कवितेंत हें कोठें आहे?

अध्यापकाच्या धंद्यांत कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते विचारतांच विचारणारा शहाणा ठरतो आणि ऐकणारा गप्प बसतो. ‘कवितेंत हें कोठें आहे?’ हा माझा असाच एक आवडता प्रश्न होता. कोणा विद्यार्थ्यानें कवितेचा आपल्या मनाप्रमाणें अर्थ लावला, कीं मी चष्मा कपाळावर सारून हा प्रश्न टाकीं. वर्गांत हंशा पिके, विद्यार्थी खालीं बसे, आणि काव्याचें पावित्र्य आपण राखलें या समाधानांत मी पुढच्या ओळीकडे वळें. हा प्रश्न मी आजही विचारतों. पण मधल्या काळांत एका विद्यार्थ्यानें मला त्याचा अर्थ शिकविला, त्याची ही हकीकत आहे.

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता मराठी वाचकाला नव्यानें सांगावयास नको. अवघ्या आठ ओळी. हिरवळींतून वाहणारा झरा, टेकडीच्या बाजूला एक लहानसें खेडें, शेतें, त्यांतून निघालेली पायवाट, ती जेथें जाते तो काळा डोह, आणि त्या डोहांत पाय सोडून बसलेला उंबर. एवढेंच. यांत कोणाला उदासी दिसली, कोणाला विरक्ति. टीकाकारांचें आजवर एकमत झालेलें नाहीं. मीं मात्र माझ्यापुरता निकाल लावून टाकिला होता. हें एक निसर्गचित्र आहे आणि तें हिरव्यापासून काळ्यापर्यंत रंगांच्या क्रमानें वाचावें, अशीं माझीं टिपणें तयार होतीं. दरवर्षीं मी तींच सांगत असें.

एके वर्षीं नदीकांठच्या खेड्यांतून आलेला, सहसा तोंड न उघडणारा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “सर, तें झाड कोणाची तरी वाट पाहत बसलें आहे.” माझा प्रश्न जिभेवर होताच. वर्ग नेहमीप्रमाणें हंसला. मुलगा खालीं बसला आणि वर्षभर पुन्हां बोलला नाहीं. महाविद्यालयाच्या परीक्षेंत या कवितेवर प्रश्न आला, तेव्हां त्याच्या उत्तरपत्रिकेंत रंगांचा क्रम होता, विशेषणांची चर्चा होती, एक उपमासुद्धां माझ्याच टिपणांतली होती. मीं प्रसन्न होऊन भरघोस गुण दिले. ते गुण मीं स्वतःलाच दिले, हें त्या वेळीं लक्षांत आलें नाहीं.

दाखला नेण्यासाठीं तो महाविद्यालयांत आला, तेव्हां भेटावयास थांबला. जातां जातां संकोचानें म्हणाला, “सर, त्या दिवशीं तुम्हीं विचारलेंत, कवितेंत हें कोठें आहे. मला सांगतां आलें असतें. कवितेंत घरें आहेत, शेतें आहेत, वाट आहे. पण माणूस एकही नाहीं. वाट डोहाकडे जाते. परत आल्याचें कांहीं सांगितलेलें नाहीं. आणि झाडें उभीं असतात, सर. हें बसलें आहे.” थोडा वेळ थांबून त्यानें पुढें सांगितलें, “माझा धाकटा भाऊ आमच्याकडच्या डोहांत गेला. आई बरेच दिवस संध्याकाळीं घाटावर जाऊन बसत असे.”

तो गेल्यावर मीं पुस्तक उघडलें. दहा-बारा वर्षें शिकविलेल्या त्या आठ ओळींत एकही माणूस नाहीं, हें मला प्रथमच दिसलें.

माझ्या प्रश्नाला विद्वत्तेचा आधार नव्हता असें नाहीं. केंब्रिज येथें आय. ए. रिचर्ड्स यांनीं कवींचीं नांवें काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांच्या हातीं दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय मागविले, आणि तेरा कवितांवरील त्या अभिप्रायांचें पृथक्करण १९२९ सालीं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथांत प्रसिद्ध केलें. सुशिक्षित तरुण कवितेचा अर्थ किती भलताच करूं शकतात, हें त्या ग्रंथानें दाखविलें. आणि वाचनाच्या वाटेंतील अडथळ्यांत त्यांनीं वाचकाच्या खासगी, अप्रस्तुत आठवणींनाही जागा दिली. त्याच्याही सुमारें नऊ शतकें आधीं काश्मीरच्या अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं. स्वतःच्या सुखदुःखांनीं विवश होणें हें त्यांतलें एक. हें दोन्ही मीं अभ्यासिलें होतें, आणि दोहोंतून विद्यार्थ्याला गप्प बसविण्याचा परवाना तेवढा उचलला होता.

त्याच अभिनवगुप्तानें सहृदय कोणाला म्हणावें हेंही सांगितलें आहे. काव्याच्या सतत परिशीलनानें ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, ते सहृदय. म्हणजे सहृदयता परिशीलनानें येते. आरसा पुसून पुसून स्वच्छ करावा लागतो, आणि ज्याच्यावर धूळ दिसली त्याला हंसून तो स्वच्छ होत नाहीं. रिचर्ड्सनाही विद्यार्थ्यांची फजिती करावयाची नव्हती. काव्य वाचावयास शिकविण्याची अधिक चांगली रीत त्यांना हवी होती. पुढें १९३८ सालीं अमेरिकेंत लुईझ रोझेनब्लॅट यांनीं ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ या पुस्तकांत वाचकाच्या अनुभवाला साहित्याच्या अध्यापनांत मानाचें स्थान दिलें. तरी वाचकाला सुचलेला कोणताही अर्थ चालतो, असें मात्र त्याही म्हणत नाहींत. वाचकानें पुन्हां पुन्हां शब्दांकडे यावें, असा त्यांचा आग्रह आहे.

त्या मुलाच्या बाबतींत काय घडलें? त्याच्या दुःखानें त्याला विवश केलें नाहीं. उलट आम्हां कोणाला न दिसलेली कवितेंतली निर्जनता त्या दुःखानेंच त्याला दाखविली. त्याचा भाऊ कवितेंत नाहीं. वाट पाहणें मात्र असूं शकतें. हा भेद करून देणें एवढेंच माझें काम होतें, आणि तेवढेंच मीं केलें नाहीं.

आतां मी ही कविता कवीचें नांव न घालतां छापून देतों. पहिलीं दहा मिनिटें कोणी बोलावयाचें नाहीं. डोळ्यांपुढें जें आलें तें लिहावयाचें. मग ज्या शब्दामुळें तें आलें, त्या शब्दावर बोट ठेवावयाचें. एकदां कृष्णाकांठच्या एका मुलीनें लिहिलें कीं, तिला तेथें दत्त महाराज दिसले. वर्ग हंसूं लागला. पण औदुंबर हा दत्ताचा वृक्ष हें मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं? तो संस्कार तिच्या एकटीचा नव्हे, त्या शब्दाचाच आहे. एका मुलानें कविता ओळखली होती. १९१८ सालीं भादली स्थानकाजवळ रेल्वेखालीं बालकवींचा अंत झाला, म्हणून ही मृत्यूची कविता, असें त्याचें म्हणणें. मीं बोट ठेवावयास सांगितलें. त्यानें बराच वेळ कागद न्याहाळला आणि आपण होऊन म्हणाला, “सर, हें कवितेंत नाहीं, चरित्रांत आहे.” शहरांत वाढलेल्या एका मुलीनें तर उंबर कधीं पाहिलाच नसल्याचें कबूल केलें. त्या दिवशीं तास अर्धा टाकून आम्ही सारे उंबर पाहावयास गेलों.

हल्लीं मुलें वर्गांत येण्यापूर्वींच मोबाईलवर कवितेचा तयार अर्थ घेऊन येतात, अशी आमच्या अध्यापकवर्गाची तक्रार आहे. मला ती करण्याचा अधिकार नाहीं. मोबाईल नव्हता तेव्हां तेंच काम माझीं टिपणें करीत होतीं. उलट कांहीं तरुण सहकारी प्रत्येकाला ‘तुझें तुझ्यापुरतें बरोबर’ असें सांगून मोकळे होतात. हें औदार्य दिसतें खरें. पण मला तें न ऐकण्याचेंच एक सभ्य रूप वाटतें. ज्याचें म्हणणें आपण मनावर घेतों, त्यालाच आपण पुरावा मागतों.

म्हणून माझा जुना प्रश्न मीं सोडलेला नाहीं. ‘कवितेंत हें कोठें आहे?’ असें मी अजूनही प्रत्येकाला विचारतों. फरक एवढाच कीं, पूर्वीं प्रश्न टाकून मी पुढच्या ओळीकडे वळत असें. आतां उत्तरासाठीं थांबतों. मूल कागदाकडे पाहतें, ओठ हलवितें, पुन्हां पाहतें. वर्गांतली ती शांतता एका मिनिटाहून अधिक नसते, पण बोलण्याची संवय जडलेल्या अध्यापकाला ती फार लांब वाटते. त्या दिवशीं मीं तेवढें एक मिनिट थांबलों असतों, तर तो मुलगा वर्षभर गप्प राहिला नसता.