आधी दंड, मग बॅग!

केनिया विषुववृत्तावर, म्हणजे चार टी-शर्ट कोंबले की झालं, असं वाटतंय? जरा थांबा. जुलैत मी मसाई माराला निघालोय आणि तयारी सुरू झाली ती थेट दंडापासून. यलो फीव्हरची लस! ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि सर्टिफिकेट लागू होतं 10 दिवसांनी. ते नसेल, तर परतल्यावर आपल्याच देशात 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन. कारण हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या कुंडीखालच्या पाण्यातही असतो. 2016पासून एक डोस जन्मभर चालतो, हे बरं.

आता बॅग. मारा 1,500 मीटरहून उंच, त्यामुळे पहाटेच्या सफारीला चक्क स्वेटर लागतो. गडद निळे-काळे कपडे बाद. त्सेत्से माशी त्यांच्याकडे हमखास येते. छोट्या विमानात सामान फक्त 15 किलो, तेही मऊ बॅगेत. आणि चपला गुंडाळायला आईनं जपलेल्या प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा? केनियात त्यांच्यावर 2017पासून बंदी! आईनं लगेच जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या.

तिकीट काढलंत? मग शॉपिंग नंतर, आधी लसीची तारीख घ्या!