परांची उतरत नाही

आमच्या घरात कोलोन आलं ते बाटलीतून. ताप चढला की आई मलमलच्या फडक्याची घडी यू-डी-कोलोनमध्ये भिजवून कपाळावर ठेवायची. तो गार, झोंबणारा वास आला की आता दोन दिवस शाळा नाही, एवढं नक्की व्हायचं. त्या नावाचं एक शहर ऱ्हाईन नदीच्या काठी आहे आणि तिथल्या लोकांनी एक चर्च बांधायला ६३२ वर्षं लावली, हे पुष्कळ पुढे कळलं.

स्टेशनातून बाहेर पडलं की ते चर्च समोर येतं. समोर म्हणजे अगदी अंगावर. १५७ मीटर उंचीचे दोन मनोरे, आणि काळेकुट्ट. भक्तिभाव वगैरे राहतो बाजूला, पहिल्यांदा वाटतं ते हेच, की इथे कधीतरी मोठी आग लागली असणार. मग मान मागे टाकून वर पाहावं तर चर्चच्या अंगाला कुठेतरी चिकटलेली परांची दिसते. फोटो बिघडला म्हणून पर्यटक चिडतात. कोलोनकर चिडत नाहीत. डोम, म्हणजे त्यांचं हे कॅथीड्रल, ज्या दिवशी पुरं होईल त्या दिवशी जग बुडेल, असं तिथे पूर्वीपासून म्हणतात. तेव्हा परांची आहे तोवर चिंता नाही.

१९९९ ते २०१२ या काळात या परांचीचा सगळा कारभार बार्बारा शॉक-वेर्नर यांच्याकडे होता. डोमच्या मुख्य स्थपती. १२४८ मध्ये पायाचा दगड बसला, तेव्हा हे काम गेरहार्ड नावाच्या उस्तादाकडे होतं. तिथून सुरू झालेल्या मालिकेत या पदावर आलेल्या त्या पहिल्या बाई. परांची नसलेला डोम हे स्वप्न नसून धसका आहे, कारण त्याचा अर्थ एवढाच की डोम सांभाळणं आता आपल्याला परवडत नाही, असं त्या सांगत. मला हे बोलणं फार आवडलं. घर चालवणाऱ्या माणसाचं बोलणं आहे ते.

त्यांनी आधी वास्तुशास्त्र शिकून घेतलं, मग कलेचा इतिहास. प्रबंध लिहिला तो स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलवर, आणि त्यातही पंधराव्या शतकात तिथल्या पाथरवटांची कार्यशाळा कशी चालायची, यावर. हे मला महत्त्वाचं वाटतं. कमानी आणि शिल्पांवर लिहिणारे ढिगानं सापडतात. दगड कोण घडवत होतं, हुकूम कुणाचा चालत होता, याची चौकशी करणारे थोडे. पुढे न्युर्नबर्गच्या कला अकादमीत अध्यापन, आणि मग कोलोन. आयुष्यभर ज्या संस्थेचा कागदोपत्री अभ्यास केला, तीच एक दिवस जितीजागती हाताखाली आली. पाथरवट, मूर्तिकार, लोहार, सुतार, काचकाम करणारे, परांची बांधणारे, छपरावर शिशाचे पत्रे ठोकणारे, सगळे एका छताखाली. युरोपातल्या अशा कार्यशाळांची २०२० मध्ये युनेस्कोनं दखल घेतली, वारसा जपण्याची चांगली रीत म्हणून. या मंडळींचं काम त्याआधीही चालूच होतं.

दगड बदलतात कसा, ते जवळून पाहण्यासारखं असतं. मनोऱ्यावरचा एखादा कंगोरा झिजून त्याचा आकारच राहिलेला नसतो. जुनी चित्रं, फोटो, शेजारचा जरा बऱ्या अवस्थेतला भाऊबंद यांवरून त्याचं माप काढतात, साचा करतात. मग ठोकळ्यावर छिन्नी चालू होते. दगडात उमलणारं पान खालून, दीडशे मीटरवरून, कुणालाही दिसणार नसतं. तरी त्याच्या शिरा काढतात, आणि पाठीमागची बाजूसुद्धा सोडत नाहीत. घडलेला तुकडा वर गेला की खालच्या दगडाला तो धातूच्या खुंटीनं जोडायचा आणि फटीत वितळलेलं शिसं ओतायचं. ही रीत जुनीच. बदलली ती खुंटी. एकोणिसाव्या शतकात ती लोखंडाची असे. लोखंड गंजलं, गंजून फुगलं आणि ज्या दगडाला धरून ठेवायला त्याला घातलं होतं, त्यालाच आतून फोडू लागलं. आता बिनगंजाचं पोलाद वापरतात.

या दगडांची कहाणी कुणी रचून सांगितली असती तर खोटी वाटली असती. मध्ययुगातला डोम ड्राखेनफेल्स डोंगराच्या दगडाचा आहे. हा डोंगर नदीच्या वरच्या अंगाला; दगड होडीत घालायचा, प्रवाह आणून देतो. सोळाव्या शतकात काम थांबलं. पूर्वेचा गाभारा तयार, दक्षिण मनोरा अर्धवट, आणि त्या अर्धवट मनोऱ्यावर लाकडी यारी तशीच उभी. ती पुढची तीनशेहून जास्त वर्षं उभीच राहिली. शहराच्या जुन्या चित्रांत तीच ओळखीची खूण. १८१४ मध्ये दर्शनी बाजूच्या मूळ आराखड्याचा अर्धा भाग डार्मश्टाटमध्ये सापडला, उरलेला पुढे पॅरिसमध्ये. चार मीटर उंचीचं ते चर्मपत्र. काम पुन्हा सुरू करायचं तर ड्राखेनफेल्सच्या माथ्यावरचा पडका किल्ला वाचवावा म्हणून प्रशियाच्या सरकारनं १८३६ मध्ये तिथली खाणच विकत घेऊन बंद केलेली. एक वारसा राखताना दुसऱ्याचा दगड गेला.

मग स्टुटगार्टकडचा श्लाइटडोर्फचा वालुकाश्म आणला. घडवायला मऊ, दिसायला देखणा. पण त्याचे कण धरून ठेवणारा चुना आम्लाला भितो. १८५९ मध्ये डोमच्या शेजारीच रेल्वे आली, प्रशियाच्या राजाच्या हौसेनं पूलही नेमका डोमच्या रेषेत बांधला. शंभर वर्षं कोळशाची इंजिनं तिथे धूर सोडत उभी राहिली, कारखान्यांनी भर घातली, आणि त्या चुन्याचं जिप्सम होऊन दगड पापुद्र्यांनी सुटू लागला. सातशे वर्षांपूर्वीचा दगड अनेक ठिकाणी दीडशे वर्षांपूर्वीच्या दगडापेक्षा धडधाकट आहे. आज डोममध्ये पन्नासेक प्रकारचे दगड सापडतात. आजीच्या गोधडीसारखं, कुठलं ठिगळ कुणाच्या काळातलं हे जाणकारालाच कळावं.

१८३३ मध्ये हा गाडा पुन्हा हलवणारा माणूस एर्न्स्ट फ्रीडरिश त्स्विर्नर. वास्तुकार शिंकेलच्या हाताखाली तयार झालेला. गोथिक तो असा रक्तात मुरवून बसला होता, तरी छपराचा सांगाडा त्यानं केला लोखंडाचा, आयफेल टॉवरच्या कितीतरी आधी. १८६१ मध्ये तो गेला. मनोरे पुरे झाले ते १८८० मध्ये, त्याच्यामागून आलेल्या फोइग्टेलच्या हातून. दुसऱ्या महायुद्धात डोमवर १४ मोठे बॉम्ब पडले, आगलावे तर वेगळेच. आजूबाजूचं शहर भुईसपाट झालं, डोम उभा राहिला. त्याचं थोडंफार श्रेय लाकडाच्या वाट्याला न गेलेल्या त्या छपराला द्यावं लागतं.

युद्धानंतरचा स्थपती विली व्हाइरेस. त्याच्यापुढे प्रश्न होता तो असा : जे गेलं ते हुबेहूब करायचं, की आपण विसाव्या शतकातली माणसं आहोत हे कबूल करायचं? व्हाइरेसनं कबूल केलं. नव्या कंगोऱ्यांना त्यानं साधे, मोकळे आकार दिले. मधल्या मनोरीवर आधुनिक चेहऱ्याचे देवदूत बसवले. १९७२ मध्ये आलेल्या आर्नोल्ड वोल्फला हे रुचलं नाही. त्यानं गाडी पुन्हा हुबेहूब नकलेच्या रुळावर आणली. दोघेही विद्वान, दोघांचीही डोमवर निष्ठा. वोल्फनंतर आल्या शॉक-वेर्नर, आणि या दोघांचं न मिटलेलं भांडण त्यांना वारशात मिळालं.

त्यातला एक निकाल मला पटलेला नाही. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर मनोऱ्याच्या वायव्य कोपऱ्यावर बॉम्ब पडून मोठं खिंडार पडलं. वरचा सगळा भार त्या कोपऱ्यावर, तेव्हा दगड घडवत बसायला वेळ कुठला! वीस हजारांहून जास्त साध्या विटा रचून भोक बुजवलं. कोलोनकर त्याला दातातल्या भरणाचं नाव देत. पन्नासहून जास्त वर्षं काळ्या दगडात तो लाल-तपकिरी डाग दिसत होता. १९९६ मध्ये त्यावर दगडी आवरण चढवायला सुरुवात झाली आणि २००५ मध्ये, शॉक-वेर्नर यांच्या कारकिर्दीत, ते संपलं. विटा अजून आत आहेत, फक्त दिसत नाहीत. राहू द्या त्या तशाच, असं म्हणणारे तेव्हाही होते. मी त्यांच्या बाजूचा. सगळ्या डोमवर देवदूत, संत, राजे खच्चून भरलेत. घाबरलेल्या माणसांनी घाईघाईनं केलेलं तेवढं एकच काम तिथे होतं.

पण याच बाईंनी दक्षिणेकडची मोठी खिडकी ज्या धिटाईनं केली, त्यासाठी विटांचं थोडं माफ करावंसं वाटतं. तिथली एकोणिसाव्या शतकातली रंगीत काच युद्धात फुटली होती, आणि नंतर बसवलेल्या फिक्या काचेतून ऊन भगभगीत आत यायचं. तिथे एडिथ स्टाइन, माक्सिमिलियन कोल्बे अशा विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांची चित्रं यावीत, असा बेत होता. शॉक-वेर्नर यांनी विचारलं कोलोनमध्येच राहणाऱ्या गेरहार्ड रिश्टरला. रिश्टरनं हुतात्मे बाजूला ठेवले. डोमच्या जुन्या काचांतले ७२ रंग निवडले, तळहाताएवढे अकरा हजारांवर चौकोन केले आणि कुठला रंग कुठे यावा हे बरंचसं संगणकाच्या सोडतीवर सोपवलं. मानधन घेतलं नाही. २००७ मध्ये खिडकी लागली तेव्हा कोलोनचे कार्डिनल माइस्नर समारंभाला नव्हते. ही खिडकी मशिदीत शोभली असती, असं त्यांचं मत वर्तमानपत्रांतून गाजलं.

मी पाहिली ती दुपारी. ऊन सरळ आत येत होतं आणि समोरच्या खांबावर हिरवे, जांभळे, केशरी चौकोन हळूहळू सरकत होते. एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. त्यांच्या टकलावर बराच वेळ निळा रंग होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. कार्डिनलसाहेबांचा मुद्दा मला कळतो. जिथे शतकानुशतकं काचेतून गोष्टी सांगितल्या, तिथे गोष्टच नाही. पण उजेड तर आहे, आणि तो नकलेचा नाही.

डोम उभा राहिला तो तीन राजांसाठी. बाळ येशूच्या दर्शनाला ताऱ्यामागून पूर्वेकडून आलेल्या त्या तिघांच्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून इथे आणल्या. सोन्याच्या पेटीत त्या वेदीमागे आहेत. आपल्याला हे तिघे परके नाहीत. मांडवीच्या मुखाशी, पणजीच्या समोरच्या तीरावर रेईश मागुश आहे, ते गावच त्यांच्या नावाचं, आणि ६ जानेवारीच्या फेस्ताला तिथे मुलं तीन राजे होऊन मिरवतात. २०११ च्या ६ जानेवारीला कोलोनमध्ये मात्र भलतंच झालं. याच सणाला डोमची २४ टनांची घंटा वाजत असताना तिचा आठशे किलोंचा लोलक निखळून खाली आदळला. कुणाला इजा झाली नाही. नवा लोलक घडवून बसवायला वर्ष गेलं. स्थपतीच्या वाट्याला येणारी कामं ही अशी.

निवृत्तीनंतर शॉक-वेर्नर गप्प बसल्या नाहीत. शहरातले कुरूप कोपरे हेरून त्यांच्यावर वर्तमानपत्रात सदर लिहू लागल्या. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दामचं ओकचं छप्पर जळालं, तेव्हा जर्मनीतून जाणाऱ्या मदतीची सूत्रं सरकारनं त्यांच्याकडे दिली. नोत्र दामच्या चार उंच खिडक्या कोलोनच्या काचशाळेत आल्या. प्रत्येक काचेवर जळलेल्या छपराच्या शिशाची विषारी भुकटी, म्हणून आधी ती बंदिस्त खोलीत काढायची, मग डागडुजी. या खिडक्या १९६० च्या दशकातल्या, जाक ल शेव्हालिए यांच्या. म्हणजे पॅरिसनंही मध्ययुगाच्या भिंतीत आपल्या काळाची काच लावली होतीच.

या सगळ्याला पैसा लागतो. १८४२ पासून एक मंडळ तो जमवतं आहे. त्याची पॅरिसमध्ये शाखा निघाली, तेव्हा जन्मानं ज्यू असलेला कवी हाइन्रिश हाइने तिचा उपाध्यक्ष होता. दोनच वर्षांनी त्यानं, हा डोम कधी पुरा होणारच नाही, अशी कवितेतून यथेच्छ टिंगल केली. मंडळानं ती मनावर घेतली नाही. आज दुरुस्तीच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा तेच उचलतं, आणि सभासद होण्यासाठी कॅथलिक असावं लागत नाही.